सुपलीभर कोंड्याचा भाऊ

परवा दिनूच्या नातवाने मला साताऱ्याहून सांगलीला नेलं. दिनू म्हणजे माझा पाठचा भाऊ. मोटार नवी, काचा बंद, आत गारवा, आणि रस्ता एवढा रुंद की गावं कधी आली नि कधी गेली ते कळलंच नाही. मागे माझ्याशेजारी नातवाची चार वर्षांची मुलगी बसली होती. सातारा सुटायच्या आत तिने विचारलं, "पणजी, तू म्हातारी कधी झालीस?"

"गेल्या मंगळवारी," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. "मग सोमवारी कशी होतीस?"

"सोमवारी फार गोड होते."

ते तिला पटलं. मग तिने विचारलं, "आणि मी कुठून आले?" माझ्या ओठांवर एक जुनं वाक्य आलं आणि मी ते गिळलं. "विचार तुझ्या बाबाला," म्हणून मोकळी झाले. ते वाक्य मी सत्तर वर्षांत कुठल्याच पोराला म्हटलेलं नाही, माझ्या स्वतःच्या पोरांनासुद्धा नाही. मी काही मुखदुर्बळ बाई नव्हे. माझी जीभ कशी आहे ते माझ्या सुना सांगतील. पण त्या एका वाक्याची मला भीती वाटते.

आम्ही मूळचे वाईचे. आमचे वडील, नाना, तिथल्या शाळेत मास्तर होते. घाट घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी दगडावर धोतरं आपटल्याचा आवाज आला की आम्हाला जाग यायची. माघात कृष्णा आटायला लागायची, पायऱ्यांवरचं शेवाळ वाळायचं आणि त्याचा एक कुबट, उन्हात तापलेला वास सगळ्या आळीत भरून राहायचा. मला तो वास आवडायचा. चैत्रात अंगणात कुरडया वाळत पडायच्या आणि त्यांची राखण माझ्याकडे नि दिनूकडे असायची. हातात काठी, डोक्यावर ओलं फडकं, आणि दिनूचे प्रश्न. "ताई, कावळ्याला आपल्या कुरडया आवडतात. आपल्याला कावळ्याचं काय आवडतं?" असले प्रश्न. मी अकरा वर्षांची आणि तो पाच. उत्तर माहीत नसलं तरी ठोकून द्यायचं, एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

ते वाक्य मी तिथेच, कुरडयांच्या राखणीत शिकवलं त्याला. "तू काही आमचा नव्हेस. तुला आम्ही बोहारणीकडून घेतलाय, सुपलीभर कोंडा देऊन." घरोघरी पोरांना हे म्हणतच. मला माझ्या आत्याने म्हटलं होतं आणि मी दोन दिवस जेवले नव्हते. दिनूही पहिल्यांदा रडला. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, "बोहारणीच्या टोपलीत आणखी कोण कोण होतं?"

"एक शेंबडा मुलगा होता आणि एक तू."

"मग मला का घेतलं?"

"शेंबडा दोन सुपल्या मागत होता."

तो असा खदखदून हसला की कावळे उडाले. तिथून पुढे तो खेळच झाला. दूध सांडलं की मी म्हणायची, "थांब, तुला परत देऊन आमचा कोंडा घेऊन येते." तो म्हणायचा, "आता मी मोठा झालोय, जास्त कोंडा मागून घे." रोज दिवसातून चार वेळा हे चालायचं. आई जात्यावरून ओरडायची, "पुरे गं, असलं अभद्र बोलू नये." पण तिलाही हसू यायचं.

लढाईचे दिवस होते. रॉकेल चिठ्ठीवर, साखर चिठ्ठीवर, पेट्रोल तर डोळ्यांनी दिसत नव्हतं. सांगलीला नानांचे चुलतभाऊ असत. त्यांची हळदीची पेढी होती, मोटार होती आणि मूल नव्हतं. आम्ही चार भावंडं होतो. त्या माघात सांगलीहून दोन पत्रं आली, मग काका स्वतः येऊन गेले, आणि त्यानंतर आई दिनूला रोज स्वतःच्या हाताने भरवायला लागली. मला कुणी काही सांगितलं नाही. घरात बोलणं कमी झालं एवढंच. दिनू मात्र बोलतच होता.

निघायच्या दिवशी सकाळी मी माजघरात वेणी घालत होते आणि नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईशी बोलत होते. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"हे बघ, मी शब्द देतो तुला," ते म्हणाले. "विधीच्या वेळी तो रडला, परत माझ्याकडे धावला, तर मी उठणार आणि त्याला घेऊन घरी येणार. सांगलीचा दादा रागावला तरी चालेल. रडत्या पोरावर पाणी सोडायचं माझ्याच्याने होणार नाही."

हातावर पाणी सोडून मूल दुसऱ्याच्या मांडीवर द्यायचं, असा दत्तक देण्याचा विधी असतो हे मला ठाऊक होतं. शेजारच्या आळीत एक झाला होता, आम्ही पेढे खाऊन आलो होतो. माझी वेणी हातातून सुटली. चुलीवर काहीतरी उतू जात होतं आणि आई ते उतरवत नव्हती.

दारात सांगलीची मोटार उभी होती. काळी, लांब, आणि पाठीला कोळशाची मोठी भट्टी बांधलेली. पेट्रोल मिळेना म्हणून तेव्हा मोटारी कोळशाच्या धुरावर चालवत. ड्रायव्हर गणपा भट्टीत सळई घालून ढवळत होता. परगावी निघताना आई हातावर दही घालायची, गेलेला माणूस सुखरूप परत यावा म्हणून. तिने नानांच्या हातावर घातलं, माझ्या हातावर घातलं. दिनूने हात पुढे केला तेव्हा पळीत दही होतं. आई त्या पळीकडे बघत राहिली आणि मग तिने पळी वाटीत परत ठेवली.

"मला?" दिनू म्हणाला.

"तुला सर्दी होईल," आई म्हणाली. तिने त्याच्या हातावर साखर ठेवली, चिठ्ठीवरची साखर, चांगली मूठभर. तो खूश झाला. "तुम्हाला आंबट आणि मला गोड," तो मला म्हणाला. आई आत वळली ती मोटार सुरू झाली तरी बाहेर आली नाही.

नाना पुढे बसले. मागे मी आणि दिनू. "त्याला हसतं ठेव," नाना मागे न बघता म्हणाले. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मी ठरवलं होतं की त्याला रडवायचं. फक्त आत्ता नाही. सांगलीपर्यंत हसू दे, आणि ऐन वेळी रडवायचं. अकरा वर्षांच्या मुलीला पाच वर्षांच्या भावाला रडवणं म्हणजे काय मोठं काम? मला माझ्या जिभेचा भरवसा होता.

"ताई, मोटारीला चूल मागे का?"

"पुढे असती तर गणपाची पगडी जळली असती."

"मग मोटार पाठीकडून जेवते?"

"हो."

त्याने मान वळवून मागच्या भट्टीकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते. "मग शी कुठून करते?"

गणपा असा हसला की मोटार रस्त्याच्या कडेला गेली. "आवं मास्तर, ह्ये पोरगं लय खोल इचार करतंय," तो म्हणाला. "पैल्या लढाईत मी पार बसऱ्यापोतर मोटार हाकली, पर आसं कुनी इचारलं न्हाई." नाना हसले नाहीत. ते उजवीकडच्या शेतांकडे बघत होते.

पाचवड, लिंब, सातारा. पुढे नागठाणं, अतीत. गुऱ्हाळं चालू होती, काहिलीतल्या रसाचा गोड, दाट वास मोटारीत यायचा आणि लगेच भट्टीचा धूर त्याला खाऊन टाकायचा. उसाच्या गाड्या आडव्या यायच्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून ऐकू आला की दिनू मोजायला लागायचा आणि सातानंतर एकदम वीस म्हणायचा. सांगली जवळ येत होती. प्रत्येक गाव मागे पडलं की मी पुढची किती उरली ते मोजत होते, आणि दिनू माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होता, "ताई, झाडं आपल्याला सोडायला येतायत का घ्यायला?"

"सोडायला."

"मग ती मागे का पळतात?"

मी त्याच्या केसांतली भट्टीची राख झटकली.

कऱ्हाडला कोयनेच्या पुलाजवळ गणपाने मोटार थांबवली. "भट्टी निवलीया. वाईच दम खावा, मास्तर," तो म्हणाला आणि कोळशाचं पोतं ओढायला लागला. नाना नदीवर तोंड धुवायला गेले. मी आणि दिनू बाभळीच्या सावलीत बसलो. खाली दोन नद्या समोरासमोर येऊन मिळत होत्या.

"ती कोणती?"

"आपली कृष्णा. वाईची."

"तीच? आपल्यामागून आली?"

"हो."

"पण तिला काकांनी मोटार कुठे पाठवली?"

मला हसू आलं नाही. माझा धीर तिथे सुटला. ऐन वेळेची वाट बघायला नको, आत्ताच सांगते, म्हणजे तो सांगलीपर्यंत रडेल आणि उद्याही रडेल, असं मला वाटलं. मी त्याचे दोन्ही खांदे धरले.

"दिनू, ऐक. आम्ही तुला सांगलीला देऊन टाकायला चाललोय. काकांना. कायमचं. तू परत घरी यायचा नाहीस. आई तुझी आई राहणार नाही. तुझं नावसुद्धा बदलणार आहेत."

दिनू माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचे डोळे मोठे झाले, ओठ थरथरले. आता रडणार, मी मनात म्हटलं. देवा, आता रडू दे.

"सुपलीभर कोंड्यात?" तो म्हणाला, आणि त्याला आवरेना इतकं हसू फुटलं.

"अरे, खरं सांगतेय मी. शप्पथ."

"टोपलीभर माग. काकांकडे मोटार आहे."

मी त्याला गदागदा हलवलं. मी म्हटलं, नानांनी आईला सांगितलं ते मी ऐकलंय, आई म्हणूनच बाहेर आली नाही, तुला म्हणूनच दही दिलं नाही. जेवढं खरं होतं तेवढं सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याला तो आणखी हसत होता. रोज चार वेळा मी हेच सांगत आले होते, याच तोंडाने. आज मी जास्त चांगलं सोंग करतेय एवढंच त्याला वाटलं. शेवटी मला रडू फुटलं, तेव्हा तो थांबला, माझं तोंड जवळून बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे तर तुला फारच छान जमतं." पाठीमागे गणपा उभा होता. त्याच्या हातात कोळशाचं घमेलं होतं. त्याने पगडी काढून कपाळ पुसलं आणि भट्टीचं झाकण उघडलं.

सांगली आधी नाकाला कळायची. हळदीचा हंगाम सुरू झाला होता. पेठेच्या वाटेला लागलो तेव्हा वारासुद्धा पिवळा वाटत होता. मी परकराचं टोक नाकाला लावलं. लग्नघरात हळद असते तेव्हा तिचा वास चांगला वाटतो. तिथे पोत्यांच्या थप्प्या होत्या, हवेत भुकटी होती, आणि ती जिभेवर येत होती. आजही मी स्वयंपाकात हळद बेताने घालते. सुनांना वाटतं म्हातारीला चव राहिली नाही.

विधी दुसऱ्या दिवशी सकाळी होता. दिनूला नवं पितांबर नेसवलं होतं, गळ्यात सोन्याची साखळी. मी न्हाणीघराच्या बोळात त्याला गाठलं आणि दंडाला चिमटा काढला. साधा नाही, नखं रुतवून. कातडीवर लाल डाग उठला. तो एकदा कळवळला आणि मग त्याने मला उलटा चिमटा काढला आणि पळत माजघरात गेला. त्यालाही खेळायचंच होतं.

होमाचा धूर डोळ्यांत जात होता. गुरुजी मंत्र म्हणत होते, काकू हिरव्या शालूत पाटावर बसल्या होत्या आणि त्यांचे हात सारखे मांडीवरचा पदर नीट करत होते. नाना समोर. त्यांची नजर दिनूवर खिळली होती. ते वाट बघतायत हे मला एकटीलाच कळत होतं. दिनूच्या ओठाची एखादी कड खाली वळेल, तो एकदा "नाना" म्हणेल, त्याची वाट. गुरुजींनी पळी नानांच्या हातावर धरली. नाना थांबले. गुरुजींनी दोनदा खुणावलं. काकांनी दिनूला उचलून मांडीवर घेतलं.

दिनूने सगळ्यांकडे बघितलं. एवढी माणसं, सगळी त्याच्याकडे बघतायत. बायकांच्या घोळक्यात त्याला मी दिसले आणि त्याचा चेहरा फुलला.

"ताई," तो मोठ्याने म्हणाला, "आधी कोंडा घे बरं का, नाहीतर फसशील."

सगळं माजघर हसलं. गुरुजी हसले, काकांचं पोट हललं. आणि नानासुद्धा हसले. मला ते हसणं अजून दिसतं. हसता हसताच त्यांनी तळहात तिरका केला आणि पाणी ताम्हणात पडलं. फार थोडं पाणी होतं. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. काकांनी वाकून दिनूच्या टाळूचा वास घेतला, तसा घ्यायचा असतो, आणि कुणीतरी साखर वाटायला सुरुवात केली.

मी हंबरडा फोडला तेव्हा एका बाईने मला दंडाला धरून मागच्या दाराला नेलं. "मंगल कार्यात रडू नये बाळ," ती म्हणाली. "बघ, तो कसा हसतोय."

दुपारी तो झोपला असताना आम्ही निघालो. परतताना काकांची मोटार नव्हती, भाड्याने माणसं नेणारी सर्व्हिसची गाडी होती. नाना आणि मी शेजारी बसून वाईला आलो. आई दारात उभी होती. तिने आमच्यामागे कोणी उतरतंय का ते बघितलं, मग नानांना विचारलं, "रडला?"

"नाही. हसत होता गं. शेवटपर्यंत हसत होता."

"बरं झालं," आई म्हणाली. "बरं झालं माझ्या बाळाचं." तिने डोळे पुसले आणि आमच्यासाठी पाणी आणायला गेली. पुढे तीस वर्षं जगली ती, आणि माझा दिनू हसत गेला हो, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी तिथून उठून जायची. तिला वाटायचं मी भावाचा मत्सर करते.

पोर रुळू दे म्हणून काकूंनी आम्हाला दोन वर्षं बोलावलं नाही. ते त्यांचंही बरोबरच होतं. फार मायेच्या बाई होत्या. दोन वर्षांनी भाऊबीजेला गेलो तर दारात एक गुटगुटीत मुलगा उभा होता. त्याचं नाव माधव होतं. त्याने मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी नाव सांगितलं. तो शहाण्यासारखा आत जाऊन पाट मांडून आला. मी ओवाळलं. काही प्रश्न विचारील म्हणून मी वाट बघत राहिले, पण त्याने काही विचारलं नाही. पुढे मोठेपणी त्याला सगळं नातं कळलं आणि आमचं येणंजाणं वाढलं. घरात सगळे त्याला माधवराव म्हणतात. मी एकटी दिनू म्हणते आणि तो ओ देतो.

परवा जेवणं झाल्यावर आम्ही दोघं त्याच्या ओसरीवर बसलो होतो. मी आता गेले तर परत सांगलीला येईन असं काही वाटत नाही, आणि तोही थकलाय. पणती आमच्यामध्ये पाय पसरून बसली होती आणि मोटारीत आपण काय काय बोललो ते त्याला सांगत होती. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "लहानपणी मीही एकदा असा आलो होतो, वाईहून. इथे द्यायला आणलं तेव्हा."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुला आठवतं?"

"थोडं. कोळशाचा वास आठवतो. ड्रायव्हरची पगडी. नाना पुढे बसलेले, त्यांची मान दिसायची. आणि एक नदी. फार मजा आली होती, एवढं हसलो होतो मी त्या दिवशी. कशाला ते मात्र काही केल्या आठवत नाही." त्याने पणतीच्या केसांवरून हात फिरवला. "तू नव्हतीस मोटारीत."

"कशावरून?"

"कशावरून काय," तो साधेपणाने म्हणाला, "तू असतीस तर मला इथे टाकून गेली नसतीस. काहीतरी केलं असतंस. तू काय ऐकणारी आहेस कुणाचं?"

पणतीने माझ्याकडे बघितलं. दिनूनेही बघितलं. सत्तरी उलटलेल्या त्या तोंडावर काही संशय नव्हता, राग नव्हता. एवढी वर्षं त्याने हे मनात धरून ठेवलं होतं आणि त्याला त्याचा आधार होता. खरं सांगायचं एकदा मी कऱ्हाडच्या पुलाजवळ ठरवलं होतं, त्याचं काय झालं ते मला माहीत आहे.

"नव्हते रे," मी म्हटलं. "परीक्षा होती माझी."

"तेच म्हणतो मी," दिनू म्हणाला, आणि किटलीतला उरलेला चहा त्याने माझ्या कपात ओतला.